मऊ मेणाचा देव

माझी थोरली बहीण, अक्का, गेल्याचा निरोप आला तेव्हा मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होतो. तसाच धावत निघालो. दाजी विझलेल्या भट्टीपाशी बसले होते. मला पाहून म्हणाले, "आता मेनाला कोन बसनार?" बायको गेली त्या घटकेला माणूस मेणाचं बोलतो याचा मला संताप आला. आता येत नाही...

आमचे दाजी ओतारी. अक्का मेणाचे देव घडवायची आणि दाजी त्यांच्यावर मातीचा लेप देऊन भाजायचे. मेण वितळून वाहून गेलं की त्या पोकळीत पितळ ओतायचं. म्हणजे देव व्हायचा तर अक्काचं काम नाहीसं व्हायलाच हवं. पुष्कळदा ओतकाम फसायचंही. मग ती कपाळाला हात न लावता पदर खोचून पुन्हा मेण मळायला घ्यायची. पण बाजारात ठशाचे देव आले, सगळे एका तोंडवळ्याचे, आणि त्यांच्या दारची गिऱ्हाइकं आटली. अक्काची सून गिरणीत जाऊ लागली. "हे शिकून खाऊ काय?" असं तिनं अक्कालाच विचारलं. चूक तरी कुणाची म्हणावी?

शेवटचं काम माळशिरसकडच्या एका धनगर आजोबांचं. घरचा खंडोबाचा मुखवटा पार झिजलेला. तो मोडून त्याच पितळात नवा करायचा, अशी रीत. अक्का तापानं फणफणलेली, तरी उठून बसली.

"आजोबा, तुमच्या वडलांचं नाक कसं हुतं?"

"पोपटावानी हुतं की."

"मग देवाला बी तसंच करते. देव घरच्यावानी दिसाय पायजे."

मेणात राळ घालून खूप मळलं तर ते कडक होतं. तेवढं बळ तिच्या बोटांत उरलं नव्हतं, म्हणून तिनं राळ कमी घातली आणि मेण मऊच राहिलं. मुखवटा पुरा झाला आणि ती आडवी झाली, ती पुन्हा उठलीच नाही.

परवा दाजींकडे गेलो होतो. सोलापूरचं ऊन आत्ताच अंग भाजतंय. दाजींनी तो मेणाचा मुखवटा माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलाय आणि दिवसभर त्याच्यावरचं फडकं भिजवत बसतात. आजोबा येऊन हात हलवत परत गेले. त्यांचं देवघर रिकामंच आहे. मी फडकं उचललं. नाक खाली ओघळू लागलं होतं.

"दाजी, ओता आता. न्हायतर हे असंबी जानारच."

"कळतंय की मला. आन् फसलं तर? दुसरं कोन करून दील?"

उन्हाची झळ आत नको म्हणून खिडक्या लावलेल्या. घरात एवढा अंधार मी कधी पाहिला नव्हता. दाजींनी मुखवटा मांडीवर घेतला, नाक सावरायला बोट पुढं केलं आणि तसंच मागं घेतलं.

"नगं," ते म्हणाले. "तिचा अंगठा उटलाय तितं."

मग त्यांनी फडकं पुन्हा भिजवलं.