अहवालात शेजाऱ्याचं नाव

अहवाल हातात आला तेव्हा मी आधी माझं नाव शोधलं. ते नव्हतं. मग शेजाऱ्याचं शोधलं, तर त्याच्यावर अर्धं पान! ते अर्धं पान मी इतक्यांदा वाचलं की बायकोनं शेवटी विचारलं, "कोणाची पत्रिका हाये का काय?"

भिलाईजवळच्या हथखोजच्या कारखानदारीत आमच्या शेड लागून होत्या, मध्ये कमरेएवढी भिंत. तो भंडाऱ्याकडचा, मी गोंदियाकडचा. दोघंही भिलाईच्या पोलाद प्लांटमधली नोकरी सोडून आलेले, आणि दोघंही एकच वस्तू बनवत होतो: भट्टीचं तापमान आकड्यांत दाखवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. भिलाईत ते नवं होतं. खपणार कुठे, हा प्रश्न होता. मुंबईची एक कंपनी अशा यंत्रांचा अभ्यास करून अहवाल काढायची आणि सिमेंटचे, काचेचे, साखरेचे कारखाने खरेदीआधी तो उघडून बघायचे. त्यात नाव आलं तर परमुलखातून विचारणा येणार. नाही आलं तर जन्मभर प्लांटच्या गेटवर टेंडर धरून उभं राहायचं.

त्या कंपनीच्या बाईंचा फोन आला, मंगळवारी येते म्हणून, आणि मी कामाला लागलो. हथखोजमध्ये कुणी फाइल घेऊन आलं की ते इन्स्पेक्शनच, दुसरं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. शेडला चुना मारला. टेबलावर हिरवं कापड, त्यावर चकचकीत पीस. परत आलेली, बिघडलेली यंत्रं मागे ताडपत्रीखाली. दुर्गहून टॅक्सी सांगितली. समोसे, थंडा आणि निरोपाला एक कोशाची रेशमी साडी.

बाई मूळच्या पुण्याच्या निघाल्या. मी ताबडतोब जीभ वळवून शुद्ध मराठी सुरू केलं.

"तुमचं यंत्र कुठे बंद पडलं?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग कुठे वापरू नये असं सांगाल?"

"सगळीकडे चालतं, मॅडम. निर्धास्त."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. समोसा अर्धा खाल्ला. साडीचा डबा हसत परत केला, "हे मला घेता येत नाही," म्हणाल्या आणि पलीकडे गेल्या. माझ्याच टॅक्सीवाल्याला थांबायला सांगून!

भिंत कमरेएवढी असल्यानं मला सगळं दिसत होतं. ऐकूही येत होतं, कारण मी तिथेच उभा होतो. शेजाऱ्यानं चुना मारलेला नव्हता. त्याच्या टेबलावर परत आलेली यंत्रं उघडी पडली होती, पोटं फाडून.

"हे पाहा मॅडम, हे सारे वापस आले. उन्हाळ्यात आकडा सरकून राहिला. मोठ्या भट्टीजवळ हे लावूच नोका म्हणतो मी लोकायले. चुन्याच्या भट्टीवर झकास चालते. तुमी तं देशभर फिरता, बाकीचे लोक या गर्मीचं काय करून राहिले, सांगा ना."

बाईंनी खुर्ची ओढली. पेनाचं टोपण निघालं. दुपारी दोघं माझ्या टॅक्सीत बसून नंदिनी नगरच्या रस्त्यावरच्या एका चुन्याच्या भट्टीवर गेले. टॅक्सीवाल्यानं नंतर सांगितलं की बाई भट्टीच्या मालकाशी बोलत होत्या तेव्हा हा गडी बाहेर झाडाखाली बसला होता. गिऱ्हाईक आपल्याबद्दल काय बोलतंय हे ऐकायलासुद्धा आत गेला नाही! मी असतो तर मालकाच्या मांडीवर बसलो असतो.

अहवाल आल्यावर मी भिंतीवरून विचारलं, "तिले काय देल्लं बे तू?"

"काई नाई. जे हाये ते सांगतलं."

"बिघडलेला माल दाखवून?"

"ते पास-फेल करायले थोडीच आली होती? कोणतं यंत्र कुठं चालते, हे तिले लोकायले सांगा लागते. आपणच नाई सांगतलं तं ते काय सांगन?"

हे त्यानं इतक्या सहजपणे सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर रविवारी रुआबांध्याच्या एसटीडी बूथमध्ये तो दिसायचा. काही विकायचं नसताना बाईंना फोन! नवं काय केलं, जुनं काय बिघडलं, एवढंच. काचेच्या आत तो हसताना दिसला की मी सायकलची घंटी उगाच वाजवत पुढे जायचो. कोशाची साडी बायकोनं नेसली, तीही त्याच्याच घरच्या सत्यनारायणाला.

"तुमी बी करा ना फोन," ती म्हणाली. "नुसते जळून कायले राहिले?"

केला. पहिल्या वेळी मी नव्या मॉडेलचं कौतुक सुरू केलं. "आज विकायला फोन केलात का?" बाई म्हणाल्या. पुढच्या वेळी दात-ओठ खात सांगितलं की कोळशाच्या धुळीनं आमची बटणं अडकतात. त्यावर त्यांनी प्रश्नांची अशी झड लावली की बिल भरताना घाम फुटला. पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा आल्या तेव्हा मी ताडपत्री स्वतः ओढून काढली. त्यातही माझं लक्ष कुठे, तर शेजाऱ्याचा परत आलेला ढीग माझ्यापेक्षा लहान आहे का याकडे.

नव्या अहवालात माझं नाव आलं. चार ओळी. "प्रचंड उष्णतेत आकडा स्थिर राहतो, धुळीत काळजी घ्यावी." मी बाईंना आभाराचा फोन लावला.

"पहिल्या वेळी आमच्या शेडमध्ये पाय ठेवलात, हेच आमचं नशीब," मी म्हणालो.

"खरं सांगू? तुम्ही माझ्या यादीत नव्हता," त्या म्हणाल्या. "मी फक्त तुमच्या शेजाऱ्यांकडे येणार होते. त्यांनीच फोनवर सांगितलं, आधी पलीकडे जा, त्याचं यंत्र गर्मीत माझ्यापेक्षा चांगलं टिकतं. मी तेच ऐकायला आले होते. तुम्ही म्हणालात, सगळीकडे चालतं."

शेडवर आलो तर तो भिंतीवर कोपरं टेकून उभाच होता.

"आलं का नाव?"

"आलं."

त्यानं पोराला हाक मारून दोन चहा सांगितले, एक भिंतीवरून माझ्या हातात दिला आणि अहवाल मागून माझ्या चार ओळी मोठ्यानं वाचू लागला, खूश होऊन, जणू त्याच्याच होत्या. त्या अर्ध्या पानानं पोटात दुखलं नव्हतं इतकं त्या चहानं दुखलं.