हासोचं ‘येतू’

भूत, भानामती, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच, “बघा, शेवटी हेही लायनीवर आले.” मी आलेलो नाही. बदलापूरजवळच्या आमच्या वाडीत, भातशेती करणाऱ्या घरातला मी पहिला बी.एस्सी. गावात कुणाला झपाटलं की मी मुद्दाम जायचो — मांत्रिकाशी भांडायला.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी मालवाहू बोटीवर रेडिओ ऑफिसर होतो. अंदमान-निकोबारच्या बेटाबेटांवर धान्य, रॉकेल उतरवायचं, खोबरं भरून परतायचं. त्याच बोटीवर हासानंद सुकाणी होता, म्हणजे बोटीचं चाक धरणारा. आम्ही त्याला हासो म्हणायचो. मूळचा कराचीचा सिंधी. फाळणीत सगळं तिकडेच राहिलं आणि मायलेक कल्याण कॅम्पातल्या बराकीत येऊन पडले. त्या कॅम्पाचंच पुढे उल्हासनगर झालं. तो उल्हासनगरचा, मी बदलापूरचा, मधे काय ते अंबरनाथ. भर समुद्रात एवढं नातं पुष्कळ झालं.

त्याला मराठी मी शिकवली. कॉलेजची नाही, आमच्या घरची. आम्ही घरी ‘येतो’ म्हणत नाही, ‘येतू’ म्हणतो. हासो शिव्यांसकट सगळं शिकला. फक्त निघताना ‘येतू’ म्हणायला तयार नाही. “जाते वक्त येतू? तुम लोग झूठे हो, अदा,” म्हणायचा. अदा म्हणजे त्यांच्यात भाऊ. मग एकदा नीट बोलला. कराची सोडताना त्यांनी अख्ख्या गल्लीला ‘परत येतो’ सांगितलं होतं. कुठे गेले परत? तेव्हापासून त्याने ठरवलं होतं, जायचं तर ‘जातू’ म्हणायचं. बोटीवरचे कोकणी खलाशी ते ऐकून चरकायचे. मला मात्र पटायचं.

एका बेटावर एका लाँचचा सुकाणी तापाने फणफणला होता. कॅप्टनने त्याच्या जागी हासोला दिलं — लाँच पलीकडच्या बेटावर पोचव, परतताना तुला तिथून घेऊ. सकाळी दोन्ही बोटी बरोबरच निघाल्या. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा. लाँच बराच वेळ आमच्या शेजारून चालली होती. मी कठड्यावरून ओरडलो की ही बैलगाडी नाही, सरळ धर. त्याने खालून अस्सल बदलापुरी शिवी हासडली. मग लाँच वळायला लागली. त्याने चाकावरचा एक हात काढून वर केला आणि म्हणाला, “येतू.”

मी हसून ओरडलो, “झूठा!” तोही हसला.

ती लाँच पलीकडे पोचलीच नाही. वारा नाही, वादळ नाही. आम्ही माघारी फिरून शोध घेतला, एक फळीसुद्धा सापडली नाही. तिच्यावर वायरलेस नव्हता, तरी मी कानाला हेडफोन लावून जे स्टेशन लागेल त्याला विचारत बसलो होतो.

रजा मिळताच घरी न जाता आधी उल्हासनगर गाठलं. बराकीबाहेर हासोचा चाचा भेटला. कंपनीने ‘बेपत्ता’ कळवलं होतं. चाचा म्हणत होता क्रियाकर्म उरकू या, आणि हासोची अम्मा ऐकत नव्हती. मुलगा येऊन गेला, मग मेला कसा, असं तिचं म्हणणं. चाचा मला म्हणाला, “तू पढ़ा-लिखा है, तू ही समझा.”

समजावायलाच आत गेलो. अम्माने पाणी दिलं आणि सांगितलं — दुपारी पापड वाळत घालत होती, तर हासो दारात. बस म्हणाली, बसला नाही. काहीतरी बोलला, हसला आणि वळला. ही मागे धावली तर गल्ली मोकळी. शेजारणीने सांगितलं, अम्मा तेव्हाच रडत तिच्याकडे आली होती... कंपनीचा माणूस यायच्या कितीतरी आधी.

मी मनात म्हटलं, आईचं मन, दुपारचं ऊन. तेवढ्यात तिने विचारलं, “पुट, ये ‘येतू’ माने क्या?”

मी हातातला पेला खाली ठेवला.

तिला मराठी येत नव्हती. लोक म्हणतात, बाजारात ऐकलं असेल. तिच्या बाजारात आमच्याकडच्या यायच्या त्या भाजीवाल्या. बायका ‘येते’ म्हणतील, ‘येतू’ कशाला म्हणतील? असो.

तेव्हा वाद घालायला सुचलंही नाही. शब्दाचा अर्थ सांगावा तर ही जन्मभर दाराकडे बघत बसणार. आमच्यात तो कधी म्हणतात ते सांगावं, तर मुलगा मीच मारल्यासारखा. शेवटी दोन्ही सांगितलं. अर्थ ‘येतोय’ असा आहे, पण अम्मा, आम्ही निघताना म्हणतो.

 ती पदराने तोंड पुसून म्हणाली, “तो फिर बोल के गया. ऐसे ही नहीं गया.”

चाचाला आत बोलावून तिनेच तयारी करायला सांगितली. सिंध्यांच्या रिवाजाप्रमाणे उल्हास नदीत तांदूळ-साखर सोडायला तिने माझं नाव घेतलं. हा आपल्यातला नाही, यावर नातेवाईक कुरकुरले. ती म्हणाली, मुलाचं बोलणं मला यानेच समजावलं, हाच सोडेल. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि सोडलं. आमच्या वाडीत कळल्यावर लोक महिनोन्‌महिने हसले, बी.एस्सी. नदीत तांदूळ टाकतो म्हणून. हसू देत. तिने सांगितलं, मी केलं. पुन्हा सांगितलं असतं तर पुन्हा केलं असतं.

आवाज यायला पाठवणारं यंत्र लागतं, घेणारं यंत्र लागतं. माझी सगळी नोकरी त्यावर झाली. तो शब्द त्या बराकीत कसा पोचला, मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी जरूर लिहावं, मात्र अम्मा खोटं बोलली असं लिहू नये. ते मी ऐकून घेणार नाही.