मोटारीची खांदशेकणी

फुलसिंग माह्या पाठचा भाऊ. मालक गेल्यावर मी माहेरीच राह्यले, म्हणून हे सारं डोळ्यांनं पाह्यलं. मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यात पहिली मोटार त्यानं आणली. दुसरी आणायची छाती मंग कोणाची झाली नाही.

लोक म्हणत, शौक आला फुलसिंगले. शौक कायचा! त्याच्या बायकोचं, चंदाबाईचं, पहिलं लेकरू कारंज्याच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेलं होतं. तिले पुन्हा दिवस गेले तशी त्यानं आपली पांढरी जोडी तांड्याच्या नायकाले, गोविंदसिंगले, इकून टाकली अन् एका कापसाच्या जिनवाल्याची जुनी मोटार घेऊन आला. मले म्हणे, "बाई, या खेपेले वाटेत काही होऊ देणार नाही."

मोटार तरी कशी! चालता चालता वीज करणारं तिचं यंत्र कधीचंच मेलेलं. बॅटरीत भरून आणली तेवढीच वीज. ती सरली का टाकीत तेल असून मोटार दगडावानी उभी. मंग दर आठ दिवसांनं फुलसिंग कारंज्याले जाये अन् सैफुद्दीन मिस्त्रीच्या इंजिनावर बॅटरी भरून आणे. तिले गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसे. आमचा चुलतभाऊ हेमला मोठा चावट.

"काहून रे, दूध किती देते तुही म्हैस?"

"देत नाही. पेते."

मिस्त्रीनं त्याले एक बाटली देल्ली होती. म्हणे, "फुलसिंगभाई, बॅटरीतलं पाणी कमी दिसलं तं यातलंच टाकजा, दुसरं नाही." फुलसिंगनं मान हालवली अन् बाटली भिंतीतल्या देवळीत ठेवली. चंदाबाई तिले रोज पदरानं पुसे.

छप्पन सालचा पोळा आला. पोळ्याच्या आदल्या सांजेले आमच्याकडं खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याले गरम तूप-हळद चोळायची, उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, डोणीतलं शिळं पाणी फेकून विहिरीचं ताजं भरायचं. साऱ्या तांड्यात तुपाचा वास, अन् फुलसिंग रिकाम्या गोठ्यासमोर तोंड पाडून बसलेला. चंदाबाईले नववा लागलेला, तरी तिची जीभ काही थकली नव्हती.

"असे काय बसले हो? तुमाले एवढे महिने जिनं ओढलं, तिचा खांदा शेका ना."

"अवं, मोटारीले खांदा कुठं रायते?"

"मले कायले विचारता? चालवता तुमी का मी?"

मंग समोरच्या चाकांवरचे पत्रे, तेच खांदे ठरले. दोघांनं तूप-हळद चोळली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," चंदाबाई मोटारीले म्हणाली अन् पोट धरून हासली. तिचं ते हासणं मले अजून ऐकू येते.

राह्यली डोण. मोटारीची डोण म्हंजे बॅटरी. फुलसिंगनं बॅटरीचं बूच उघडलं, वास घेतला. "आंबलं पाह्य, बाई! शिळं झालं." त्यानं ते सारं पाणी गोठ्यामागं ओतलं अन् बॅटरी विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरली. सकाळी पाह्यतो तं तिथलं गवत जळालेलं, त्याच्या धोतराले भोकं. आमी म्हटलं, कसलं नासकं पाणी होतं, बरं झालं काढलं.

त्याच सकाळी चंदाबाईच्या कळा सुरू झाल्या. लेकरू आडवं होतं. सुईण रामीबाई म्हणाली, "माह्या हातचं नाही हे. कारंज्याले हालवा." फुलसिंग तं तयारच होता. त्यानं चंदाबाईले मोटारीत निजवलं अन् कळ दाबली. काही नाही. हँडल मारलं. काही नाही. हेमला अन् चारपाच जण ढकलत पार नाल्यापर्यंत घेऊन गेले, पण मोटारीनं हूं का चूं केलं नाही.

फुलसिंग पळत गोविंदसिंगकडं गेला. त्याचीच पांढरी जोडी दारात, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल.

"नायक, जोडी द्या. चंदा मरून राह्यली."

"आज? पोळ्याच्या दिवशी खांद्यावर जू?" गोविंदसिंगनं कानाले हात लावला. "साऱ्या तांड्यावर पाप येईन, फुलसिंग. तुही मोटार हाये ना?"

याच माणसाच्या लेकीले फुलसिंगनं मोटारीतून सासरी पोचवलं होतं. दुसऱ्या चार दारी गेला. तेच. झूल काढाले कोणी तयार नाही.

शेवटी बाज काढली, चंदाबाईले निजवलं अन् दांडा खांद्यावर घेतला. समोर फुलसिंग, मांगं हेमला. मी बाजूनं तिचा हात धरून चालत होते. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, "मोटारीतच हाये ना मी?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं तो हात थंड पडला. लेकरूही तिच्यासंगंच गेलं.

आमी तिले तशीच माघारी आणली. दुसऱ्या दिवशी, मातीले, गोविंदसिंगनं न मांगता जोडी पाठवली. पोळा सरला होता ना.

सैफुद्दीन मिस्त्री दुखवट्याले बसाले आला. जळकं गवत पाह्यलं, डोक्याले हात लावून खालीच बसला. "वो पानी नहीं था, भाई. तेजाब था, ॲसिड. उसीसे तो बिजली थी." देवळीतली बाटली तशीच भरलेली होती.

बाजेच्या दांड्यानं त्याचा खांदा सुजून काळानिळा झाला होता. मी तूप-हळद गरम केली अन् चोळाले बसले. त्यानं माहा हात धरला.

"चोळ. पण आवतन नको देऊ, बाई."