चिंचेच्या कोल्ड स्टोरेजमधली दोन जॅकेटं

गेल्या वर्षी हिमालयातल्या एका ट्रेकमध्ये मी खिंडीखालच्या शेवटच्या कॅम्पवरून परत फिरले. पाय ठणठणीत होते, दमही होता. घात केला जॅकेटनं. नांदेडच्या बाजारातलं, मोटरसायकलवाल्यांसाठी असतं तसलं जाडजूड जॅकेट होतं ते. सॅकमध्ये मावेना म्हणून मी ते कमरेला बांधून चालत होते. दुपारी बर्फाचा पाऊस आला आणि ते भिजून ओल्या गोधडीसारखं झालं. कॅम्पवर पोचले तेव्हा माझ्या दातांवर माझा ताबा नव्हता. सकाळी ट्रेक लीडरनं माझी बोटं बघितली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथून खाली उतरा."

उतरले. रडले नाही. पण खाली येईपर्यंत ठरवलं होतं की याच खिंडीवर परत यायचं.

मी विष्णुपुरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वय एकोणपन्नास. वर्षभर रोज सकाळी धरणाकडच्या रस्त्यानं सॅक पाठीवर घेऊन चालले. सॅकमध्ये रद्दीत काढलेले दोन जाड शब्दकोश. ओळखीचे लोक थांबून विचारायचे, "मॅडम, गावाला निघाल्या का?" पहिल्यांदा मी सगळं सांगायचे, मग नुसतंच "हाव" म्हणायला लागले.

यंदा नाव नोंदवायला गेले, तर लीडर अवघडला. नांदेडचाच तरुण मुलगा. "मॅडम, यंदा एखादा सोपा घ्या ना."

"तोच घेणार."

त्यानं वहीत माझं नाव लिहिलं. मग म्हणाला, "तर मग आधी जॅकेटचं बघा. हलकं, गरम, आणि घडी घालून सॅकच्या कोपऱ्यात बसणारं."

त्या रविवारी मी मुदखेडला वडिलांकडे गेले. ते रेल्वेत गँगमन होते, आयुष्यभर रुळांवरून चालले. जॅकेटचा विषय काढल्यावर ते खाटेवर सरळ होऊन बसले.

"आमाला एक लोकरीचा कोट होता सरकारी," ते म्हणाले. "लई गरम. पण असला जड, की चालताना घाम फुटायचा. मग मी तो बाभळीला टांगून पुढं जायचो. आन् पाऊस आला की कोट तिकडं, मी इकडं."

"मग कसला पाहिजे, बाबा?"

"चालताना त्याची आठवण होऊ नये, आन् थांबलं की हाताला लागावा. असला बघ."

दुकानदारांपेक्षा हे जास्त कामाचं होतं. दुकानदार मला एकच गोष्ट ऐकवत होते, "आपल्याकडं थंडी पडतेच किती दिवस?" शेवटी मी ऑनलाइन दोन जॅकेटं मागवली. एक बदकाच्या पिसांचं, हातात धरलं तर रिकामं वाटावं इतकं हलकं. दुसरं कृत्रिम धाग्याच्या भरणाचं, थोडं जड. दोन्ही आपापल्या पिशवीत गच्च भरली की तांब्याएवढी व्हायची. पण मार्च संपत आला होता, पंख्याखाली बसूनही अंग भिजत होतं. थंडीतलं जॅकेट पारखायचं कुठं?

लातूरला माझा मावसभाऊ कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. त्याला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "ये अक्का. मालकाला सांगून ठेवतो."

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि आम्ही जाड दरवाजा ओढून आत शिरलो. छतापर्यंत चिंचेची पोती. आंबट वास नाकात बसला. भिंतीवरचा आकडा पाच अंश दाखवत होता. मी मुद्दाम पंख्याच्या झोतासमोर उभी राहिले. आधी पिसांचं घातलं. अर्धा तास झाला तरी छाती-पाठ उबदार. मग धाग्याचं. तेही गरम, पण खरं सांगायचं तर पिसांचं सरस.

"मग झालं की," भाऊ म्हणाला. "हेच ठेव."

"अजून न्हाई झालं. पाणी आण."

"कशाला?"

"दोन्हींवर मार."

"अक्का, नवी कोरी हायत ती! परत घेणार न्हाईत."

"मला माहीत आहे. मार."

त्यानं बादलीतून तांब्यानं पाणी मारलं, अंग चोरत, जणू त्याच्यावरच पडत होतं. दोन्ही जॅकेटं मी चांगली भिजवली, पिळली, झटकली आणि पुन्हा एकेक करून घातली. पिसांचे गोळे होऊन खाली साचले होते. खांद्यांवर नुसतं ओलं कापड उरलं आणि पाच मिनिटांत माझे दात वाजू लागले. तो आवाज मला ओळखीचा होता. धाग्याचंही ओलं होतं, पण दहा मिनिटांनी आतून ऊब जाणवायला लागली. मी पाऊण तास तशीच उभी राहिले. भाऊ दोनदा बाहेर जाऊन ऊन खाऊन आला.

"काय करून राहिली तू, चल ना!" तो शेवटी ओरडला.

"ठरलं," मी म्हणाले.

पिसांचं जॅकेट पुढं आठवडाभर सावलीत वाळवलं, हातानं गोळे मोडले आणि वडिलांना दिलं. त्यांच्या थंडीत पाऊस नसतो.

जूनमध्ये त्याच वाटेवर, शेवटच्या कॅम्पच्या अलीकडे, पुन्हा बर्फाचा पाऊस लागला. मी सॅकच्या वरच्या कप्प्यात हात घातला, जॅकेट काढलं, वर रेनकोट चढवला. रेनकोटाच्या गळ्यातून पाणी आत गेलंच. बाह्या भिजल्या. थंडी वाजली, खोटं कशाला सांगू, पण अंग चालू राहिलं. कॅम्पवर लीडर माझ्याकडे आला.

"बोटं दाखवा, मॅडम."

मी हातमोजे काढून दोन्ही हात पुढं केले. त्यानं एकेक बोट दाबून बघितलं.

"उद्या पाचला निघायचं," तो म्हणाला आणि पुढच्या तंबूकडे गेला.

दुसऱ्या दिवशी चढावर मला इतका घाम आला की जॅकेट सॅकमध्येच राहिलं. खिंडीवर पोचल्यावर मात्र वाऱ्यानं उभं राहू दिलं नाही. मी दगडाच्या आडोशाला बसले, जॅकेट गळ्यापर्यंत ओढलं आणि गूळ-शेंगदाणे खाल्ले. पलीकडची दरी पांढरी आणि मोठी होती. बाकीचे फोटो काढत होते. मला घाई नव्हती. लीडरनं खाली चला म्हणून दोनदा हाक मारली, तेव्हा मी उठले.