कोंडाबाईचा हिरवा चुडा

बांगड्या भरणारा बाबालाल मणेर आणि त्याच्या दोन पोरी वाचल्या त्या कोंडाबाईच्या मनगटांमुळं. अवसरीशेजारच्या आमच्या वाडीत हे कुणी बोलत नाही. वाडी एवढंच बोलते, की रांडमुंड बाईनं चुडा भरला.

त्र्याण्णवची संक्रांत तोंडावर होती. हिंदू-मुसलमान दंगलीत मुंबई पेटलेली. सकाळीच कळलं, तलवारी घेतलेली पोरं जीप भरून मणेराच्या घराकडं निघालीत. गडीमाणसांना नेमकी तेव्हाच शेतातली कामं आठवली. साळूबाईनं मात्र आळीतल्या बायका गोळा केल्या. "चला गं बांगड्या भरायला. आन घाई कुणी करायची न्हाई."

बाईचा हात मणेराच्या हातात असताना तिला कुणी उठवत नाही. अर्धा भरलेला हात म्हणजे अपशकुन.

जीप आली तेव्हा पोरी आत कोंडलेल्या, ओट्यावर बाबालाल बांगड्या भरतोय आणि त्याच्याभोवती पंचवीस बायका.

"उरकलं का मावशे?" एकजण गुरकावला.

"तुला भरायच्यात व्हय? मंग नंबर लाव की भाऊ!" साळूबाई म्हणाली. बायका हसल्या.

दुपार टळली. सगळ्यांचे हात भरून झाले. तशी मागून कोंडाबाई पुढं सरकली. नवरा जाऊन तिला बारा वर्षं झाली होती.

"भर बाबा. हिरव्याच भर."

"काकू, तुमाला..."

"भर म्हंते ना. सावकाश भर."

जीपवाल्यांत तिचा गोकुळ होता. मणेराचं घर त्यानंच दाखवलं होतं. तो ओरडला, "आई, ऊठ! लाज न्हाई वाटत?"

"अर्धा हात झालाय रं. उठू कशी?"

गोकुळ खाली मान घालून निघून गेला. बाकीचे रेंगाळले. पोलिसांची गाडी आली तेव्हा कोंडाबाईचा दुसरा हात चालू होता.

होळीच्या आत बाबालाल घर विकून गेला. राहा म्हणून कुणी म्हणालं नाही. गोकुळनं चूल वेगळी केली. पाणवठ्यावर बायका कोंडाबाईला बघून सरकून बसायच्या, त्यात त्या पंचवीसजणीही आल्याच. नातवाच्या बारशाला गोकुळचा निरोप आला, "चुडा उतरव, मंग ये." ती गेली नाही.

सहा वर्षांनी ती मेली तेव्हा दोन्ही हातांत मिळून तीन काकणं उरली होती. तिरडी बांधून झाली आणि गोकुळ म्हणाला, "ते आधी काढा."

साळूबाईच साबण घेऊन बसली. साबण लागला नाही. मनगटं पार वाळली होती, काकणं आपसूक हातात आली.

"निघाली बग," ती गोकुळला म्हणाली, आणि उकिरड्यावर टाकायला उठली.