गोदाबाईचा हुंकारा

पांडुरंगनं चौतीस वर्षं मिलमध्ये कागद बनवला, पण त्या कागदावर पुढं काय छापतात याची चौकशी एकदाही केली नाही. माणूस वाईट नव्हता, नुसता घुम्या होता. रिटायर झाल्यावर बुऱ्हाणपुरात लालबागेत दोन खोल्यांचं घर बांधलं आणि ओसरीत खुर्ची टाकून बसला, तो बसलाच.

बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. गोदाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण दर मे महिन्यात गल्लीतली पोरं पुस्तकं घेऊन तिच्याकडे यायची. "मले कोन वाचून दाखवीन रे?" एवढंच ती म्हणायची. पुस्तक हिंदी असो की मराठी, ती तांदूळ निवडत हुंकारा द्यायची आणि पोरं चढाओढीनं वाचायची. कुणी कंटाळून पान गाळलं की तिचा हात थांबलाच म्हणून समजा. "मधलं कुठी गेलं?" निरक्षर बाईनं पकडलं म्हणून पोरं लाजायची आणि निमूट मागं जायची.

फेब्रुवारीत दोन दिवसांच्या तापानं गोदाबाई गेली. पांडुरंग रडला नाही. लोक म्हणाले, घट्ट माणूस. घट्ट कसला! दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो, तसा तो सगळाच बधिर झाला होता. जेवण जेवायचा, पण चव विचारली असती तर सांगता आली नसती.

मे उजाडला तशी सहा पोरं पुस्तकं घेऊन हजर झाली. नको म्हणायलाही जोर लागतो, म्हणून त्यानं बसू दिलं. दुसऱ्या दिवशी तीन आली. चौथ्या दिवशी एकटी भूमिका आली. शेजारच्या चारुलताची ही मुलगी यंदा पाचवीत जाणार होती.

"काका, काकूंमुळेच हिचं वाचन टिकलं होतं," चारुलता म्हणाली. "बाकीची पोरं मोबाईलला चिकटली. ही पण तिकडं वळली, तर जूनपर्यंत सगळं विसरेल. आता तुम्हीच बघा."

"हं," पांडुरंग म्हणाला.

भूमिका रोज अकराला येऊन कूलरसमोर बसायची. कासवाची गोष्ट होती. ती थांबली की पांडुरंग पंख्याकडे बघत "हं" म्हणायचा. असे तीन दिवस गेले.

"आजोबा, तीन दिवसांपासून मी हेच पान वाचतेय."

"हं."

भूमिकानं पुस्तक मिटलं. "आजी पकडायची. तुम्ही तो सुनतच नाही. उद्यापासून मी नाही येणार." ती चपला शोधू लागली.

पांडुरंगला बोलणं उशिरा पोचलं. गोदाबाईसुद्धा अशीच मधेच थांबायची. "काय म्हटलं मी आता? सांगा बरं." तो म्हणायचा, "हं." ती हसून आत जायची. पुढं तिनं विचारणंच सोडलं. आणि त्याच उन्हाळ्यात तिनं ओसरीत पोरं जमवायला सुरुवात केली होती. हे त्याला आज, या पोरीच्या बोलण्यावरून, कळत होतं. लाज वाटली. फेब्रुवारीपासून त्याला काही वाटलं असेल, तर ही लाजच.

"थांब," तो म्हणाला. "पहिल्यापासून वाच."

एका पायात चप्पल तशीच ठेवून ती बसली. कासवाचं तळं आटलं. ते तापीकडे निघालं. डोईवर ऊन होतं, वाटेत मोठी सडक लागली, केळीचे ट्रक धडधडत जात होते. कासवानं पाय आत ओढले. भूमिकानं त्याच्याकडे एकदा चोरून पाहिलं आणि पुढं वाचलं, "पाणी गार होतं. कासव पोहू लागलं."

पांडुरंगनं पंख्यावरची नजर खाली आणली.

"मधलं कुठी गेलं?" त्यानं विचारलं. "सडकेवर होतं ना ते?"

भूमिकानं मुकाट्यानं पान मागं उलटलं.