उसवणमावशीचा चष्मा

बाजाराने तिचं नाव उसवणमावशी ठेवलं होतं आणि तिने ते कधी मनावर घेतलं नाही. तिच्याकडे शिवायला टाकलेला ड्रेस पहिल्याच फेरीत अंगाला बसेल याचा भरवसा नसे. कुणाची बाही दाटायची, कुणाचा गळा खांद्यावरून घसरायचा. मग ठरलेलं वाक्य यायचं, "उसवून देते, परवा ये."

समोरच्या फुटपाथवर तिच्या धाकट्या भावाचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं. तो वैतागायचा.

"आबांनी तुझ्या हातात कात्री दिली तेव्हा मी नुसती काजं करत होतो. आणि आता गिऱ्हाइकं मला विचारतात, तुमची बहीण शिकलीच नाही का?"

"मग तू काय सांगतोस?"

"सांगतो, सावत्र आहे."

ती पोट धरून हसायची आणि त्याच्याच डब्यातला घास उचलायची.

खरी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. मावशीच्या दुकानाच्या वर महिला संघटनेची खोली होती. घरात मार खाणाऱ्या बायकांनी तिथे यावं, बोलावं, कायद्याची मदत घ्यावी, म्हणून भलीमोठी पाटी लावलेली. पण जिना रस्त्यावर उघडा. वर गेलेली बाई खाली उतरायच्या आत तिच्या घरी बातमी पोचायची. त्यामुळे कुणी चढायचंच नाही. बैठकीत यावर खूप खल झाला. पत्रकं वाटू, सभा घेऊ. मागे बसून कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावणारी मावशी म्हणाली, "माझ्या पडद्यामागे पाठवा की त्यांना. माप घेताना कुठला नवरा आत येतोय?"

तेव्हापासून पडद्यामागे एक आरसा, एक स्टूल आणि संघटनेच्या वकीलबाई. गळ्यात टेप, हातात सुई, मदतनिशीचं सोंग. सुईशी त्यांचं कधी पटलं नाही. "कोर्टात इतकं रक्त नाही सांडलं माझं," म्हणत त्या बोट चोखायच्या. त्या आत बोलत असताना मावशी बाहेर चिंधीवर खडखड मशीन चालवायची, म्हणजे शब्द पडद्याबाहेर यायला नकोत.

पण एका फेरीत कुणाचं भागतं? पहिल्यांदा बाई नुसती रडते. दुसऱ्यांदा विचारते. ठरवते त्याच्यानंतर. आणि पुन्हा घराबाहेर पडायचं तर कारण हवं. मग बाही दाटायची. संशय नको म्हणून मावशी मधूनच भलत्यांचेही कपडे बिघडवायची. पोस्टातल्या बाईंचा एक खांदा असाच, काही कारण नसताना, वर गेला होता.

चष्मेवाल्याची बायको नवऱ्याबरोबरच यायची. तो पडद्याबाहेर घड्याळ बघत बसायचा. पहिल्या फेरीत ती बोललीच नाही. दुसऱ्या फेरीत तिने कोपर उघडं करून दाखवलं. वकीलबाई म्हणाल्या, "मुलीसकट राहायला जागा आहे. अर्ज मी करते. तू फक्त हो म्हण."

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

आणि तिसऱ्या फेरीला नवरा एकटाच आला, ड्रेस काखेत मारून.

"ही बाही बघा. आणि ही बघा. बोटभर फरक आहे. झालं तेवढं पुरे. आता आम्ही दुसरीकडे टाकणार."

दुसरीकडे म्हणजे पडदा गेला, वकीलबाई गेल्या, 'हो' गेलं.

"डोळे तपासून घ्या, मावशी," तो पायरी उतरता उतरता टोमणा मारून गेला.

"तुम्ही तपासाल?" ती पटकन म्हणाली. "गेले काही दिवस सुईचं नाकच सापडत नाही बघा."

त्याच्या दुकानात भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची बारीक ओळ तिने आधी मनात वाचून काढली. मग मोठ्याने दुसऱ्याच ओळीला अडली.

"हा क आहे की फ?"

"र आहे तो."

"बघा म्हणजे."

दुसऱ्याची चूक सापडली की खुलणारा माणूस होता तो. त्याने जाडजूड चष्मा करून दिला. तो घालून मावशी बाहेर पडली तर सगळा रस्ता डुलायला लागला आणि नसलेली पायरी ती उतरली.

"आता तुमच्याच चष्म्याने शिवते," तिने मागे वळून सांगितलं. "पण अंगावर घालून बघावं लागेल. वहिनींना आणा."

चष्मेवाल्याने बाजारभर करून टाकलं की शिंपीण इतकी वर्षं आंधळेपणाने शिवत होती. ते ऐकून भाऊ रस्ता ओलांडून आला.

"डोळे अधू झाले आणि मला सांगितलं नाहीस?" त्याचा आवाज चिरकला.

सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण गुपित तिचं एकटीचं नव्हतं. "वय झालं रे," एवढंच ती म्हणाली. बाजार हसला त्याचं तिला काही नाही, भावाचा चिरकलेला आवाज मात्र लागला. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळीच येऊन तिच्या सुया ओवून ठेवायला लागला.

चष्मेवाला बायकोला घेऊन आला तेव्हा भाऊ तिथेच दोरा दातांनी तोडत होता. मशीन खडखडलं. पडद्यामागे ती म्हणाली, "हो. पण मुलगी शाळेत आहे."

"तिला शाळेतूनच परस्पर घेऊ," वकीलबाई म्हणाल्या.

मावशी मशीन थांबवून पडद्याआड डोकावली आणि वळली. "काखेत किंचित उसवायचंय, साहेब. अर्धा तास तरी लागेल."

त्याने घड्याळ पाहिलं, मग तिच्या नाकावरचा चष्मा. "मी दुकान उघडून येतो. आता चूक व्हायची नाही."

बायकोला एकटं सोडून तो पहिल्यांदाच गेला. पडद्यामागच्या दाराने वकीलबाई तिला घेऊन निघाल्या.

परत आल्यावर त्याने पडदा ओढला. आत आरसा आणि स्टूल.

"कुठे आहे ती?"

"मला काय दिसतंय, साहेब," मावशी म्हणाली. "चष्मा तुमचा."

तो पुढे सरकला, तसा भाऊ उठून मधे उभा राहिला. एकदा पडद्याकडे, एकदा बहिणीकडे पाहिलं त्याने. सगळं बहुधा तेव्हाच त्याला उमगलं.

"दुकान बंद करतोय, साहेब. या आता."

नंतर कोर्टाचा हुकूम झाला. चष्मेवाल्याला बायको आणि मुलीच्या आसपास फिरकायची बंदी झाली. मायलेकी खोली करून राहिल्या, ती एका छापखान्यात बांधणीच्या कामाला लागली. भावाने त्या दिवसाबद्दल काही विचारलं नाही. फक्त गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "सख्खी बहीण आहे माझी." सुया ओवायला मात्र अजून येतो, आणि मावशीही त्याला येऊ नको म्हणत नाही.

परवा छापखान्यातून ती नवा ड्रेस न्यायला आली. आरशासमोर दोन्ही हात वर केले, वळली, पुन्हा वर केले.

"मावशी, बाही दाटत नाही."

"नाहीच दाटणार."

"मग परत यायला काय कारण सांगू?"

"कुणाला?" मावशीने विचारलं, आणि ओवलेली सुई उचलली.